चिखलोबाचा आवाज

दिल्लीतल्या आमच्या मंडळातल्या मुलांचं मराठी आटत चाललंय, हे प्रथम माझ्या लक्षात आलं असं मी बऱ्याच जणांना सांगितलं आहे. ते खोटं आहे. लक्षात आलं ते मंडळाच्या सेक्रेटरीबाईंच्या. गणपतीत एके दिवशी हॉलच्या स्वयंपाकघरात त्या एका गरम पातेल्याशी झटत होत्या आणि दाराशी खेळणाऱ्या पोरांना म्हणाल्या, "अरे, सांडशी द्या रे कुणीतरी." पाच मुलं धावली. एकाने झारा आणला, एकीने लाटणं, एकाने चटई. उरलेल्या दोघांनी आपापल्या आया आणल्या.

सेक्रेटरीबाई गाझियाबादहून मेट्रोने येतात आणि त्या लांबच्या प्रवासात त्यांना कल्पना सुचतात. पुढच्या रविवारी त्या सुचलेली कल्पना घेऊनच आल्या. मुलांना कार्टूनचे सिनेमे आवडतात ना? मग सिनेमा लावायचा, त्याचा आवाज बंद करायचा आणि खाली येणाऱ्या इंग्रजी ओळी वाचत कुणीतरी माइकवरून सगळ्या पात्रांचं बोलणं मराठीत बोलायचं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, जेवणं झाल्यावर, आर. के. पुरमच्या हॉलमध्ये.

'कुणीतरी' म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नव्हतं. मीच हात वर केला. माझी पात्रता अशी की, ऑफिसच्या हिंदी पंधरवड्यात मला एकपात्री अभिनयाचं तिसरं बक्षीस मिळालं होतं. स्पर्धक तीन होते.

करोल बागेत गाड्यांचे हॉर्न विकणाऱ्या एका गल्लीत मी माइक घेतला. त्यातून कुणीही बोललं तरी हरवलेल्या मुलाची घोषणा चालू आहे असं वाटायचं. सिनेमाचा आवाज बंद केल्यावर पावलं, पाऊस, दारं हे सगळंच मुकं व्हायचं, म्हणून माझ्या बारा वर्षांच्या मुलीला मी ध्वनिविभाग दिला. थाळी म्हणजे वीज, तांदळाचा डबा म्हणजे पाऊस, पालथ्या वाट्या म्हणजे घोडा. ती हे काम अत्यंत तुच्छतेने आणि अत्यंत अचूक करायची.

पहिले दोन सिनेमे बरे गेले. तिसऱ्याने माझं नाव केलं.

सिनेमा असा होता. डोंगरावर एक गोरंपान शहर. तिथली राजकन्या नाचगाणं सोडून घड्याळं उघडून बसते, म्हणून सगळे तिच्यावर नाराज. शहरातलं मोठं घड्याळ बंद पडतं आणि घड्याळाबरोबर सगळं शहरच अडतं. खाली दलदलीत धिप्पाड, केसाळ, चिखलाच्या रंगाचे प्राणी राहतात. डोंगरावरचे त्यांना चोर म्हणतात, वर येऊ देत नाहीत; राणी तर त्यांच्यावर स्वारीची आखणी करते. शेवटी कळतं की ते घड्याळ मुळात त्यांच्याच पूर्वजांनी बांधलं होतं. राजकन्या खाली उतरते, त्यांच्या म्हाताऱ्या प्रमुखाला घेऊन वर येते आणि दोघं मिळून घड्याळ चालू करतात. एकूण, रंगरूप बघून माणसं तोलू नयेत, मुलींना पाना-स्क्रू ड्रायव्हर हाताळू द्यावा, असा चांगला बोध. या सिनेमांचं एक असतं. समता शेवटच्या दहा मिनिटांत येते. त्याआधीचा दीड तास आपण हसून घेतो.

मीही हसवून घेतलं. डोंगरावरच्या लोकांना मी स्वच्छ पुणेरी दिली. राजाला तर इतकी स्वच्छ दिली की बोलून झाल्यावर तो तोंड पुसेल असं वाटायचं. आणि त्या चिखलवाल्या प्रमुखाचं मी नाव ठेवलं चिखलोबा आणि त्याला वऱ्हाडी दिली. पडद्यावर तो पहिल्यांदा चिखलातून डोकं वर काढतो, तेव्हा मी खर्जात म्हणालो, "काहून बे पोट्ट्या, कायले आला इकडं?"

हॉल कोसळला. मुलं खुर्च्यांवरून घसरली. थाळी वाजवायची सोडून माझी मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, कौतुकाने.

मग मी कशाला थांबतो! चिखलोबा पडद्यावर गप्प असला तरी मी त्याला बोलता ठेवला. तो पाठमोरा असताना बोलला. झोपलेला असताना बोलला. शेवटी तो घड्याळ दुरुस्त करतो तो प्रसंग खरं तर गंभीर होता, पण तोवर पोरं नुसतं त्याचं तोंड उघडायची वाट बघत होती. मी म्हणालो, "घड्याय चालू झालं बाप्पा!" आणि टाळ्या, शिट्ट्या. दोन बाबांनी पाठ थोपटली. "यार, तुम्ही तर वाया गेलात सरकारी नोकरीत." मी मान डोलावली. मलाही तेच वाटत होतं.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "राणीचं काय केलंस ते?"

"काय केलं?"

"ती लढाईची आखणी सांगत होती. नकाशावर बोट ठेवून. पाच सेनापती समोर उभे. आणि तू म्हणालास, 'अहो, पोळ्या टाकू का?'"

झालं होतं असं की, राणी फार भरभर बोलायची, खालच्या ओळी वाचून होईतो पुसल्या जायच्या. मग बारीक आवाजात जे सुचेल ते मी बोलायचो. आणि बाई बोलताना दिसली की मला स्वयंपाकच सुचायचा.

"मुलांना कळावं म्हणून," मी म्हणालो.

"अच्छा! आणि आपल्या घरात पोळ्या कोण टाकतं?"

हा प्रश्न तिने विचारला तेव्हा माझ्या हातात लाटणं होतं. बायको मंत्रालयात माझ्यापेक्षा दोन पायऱ्या वर आहे, क्वार्टर तिच्या नावावर आहे, तिच्या मीटिंगा संपेपर्यंत माझी कणीक मळून झालेली असते. या गोष्टीचा मला अभिमान आहे आणि पाहुणे आले की ती मी आवर्जून सांगतो. मी पोळी उलटवली.

"बाबा," मुलगी म्हणाली, "तू बाल्कनीत जाऊन मोठ्या काकांशी फोनवर बोलतोस ना, तसाच बोलत होता तो चिखलोबा."

"अभ्यास कर," मी म्हणालो.

आमच्या वरच्या मजल्यावर एक डॉक्टर राहतात, सरकारी दवाखान्यात असतात. कुटुंब अमरावतीकडचं. त्यांची आठ वर्षांची मुलगी माझी सगळ्यात निष्ठावान प्रेक्षक. पहिल्या रांगेत मधली खुर्ची तिची ठरलेली. दर रविवारी सकाळी तिचे आजोबा गावाहून व्हिडिओ कॉल करायचे. ते एस.टी.त कंडक्टर होते. चालत्या गाडीत मागच्या सीटपर्यंत जाणारा तो आवाज फोनमधून निघून, त्यांच्या बाल्कनीतून खाली उतरून आमच्या चहापर्यंत यायचा. "काय करून राहिली माय माझी? जेवली काय?" आणि ही वरून तितक्याच मोठ्याने, "जेवली न आबा! तुमी जेवले काय?"

तिसऱ्या सिनेमानंतरच्या रविवारी वरून आवाज आला नाही. त्याच्या पुढच्याही रविवारी नाही. मी चहा पीत बायकोला म्हणालो, "आज शांत आहे, नाही?"

"तुला माहीत नाही?" ती म्हणाली. "पार्कात मुलं तिला चिखलोबाची नात म्हणतात. ती झोक्यावर आली की, 'काहून बे, कायले आला इकडं' सुरू. आता ती आजोबांचा फोनच घेत नाही. परवा जबरदस्ती समोर बसवलं तर त्यांना म्हणाली, 'दादाजी, मुझे मराठी नहीं आती.'"

चहा गार झाला. माझाच.

"आणि पंधरा दिवसांनी ते येतायत इथे. महिनाभर राहायला, तिच्यासाठीच. ती आईला काय म्हणाली माहितीये? आबांना पार्कात नेऊ नका."

आता यात माझ्यासारखा माणूस काय करतो? माफी मागायला जातो, आणि जाताना तयारी करून जातो. मी जिना चढता चढता एक छोटं भाषण जुळवलं. डॉक्टरांनीच दार उघडलं. एरवी त्या मला 'या भाऊजी' म्हणतात. त्या दिवशी नुसतं 'या' म्हणाल्या. मागे भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, तीही माझ्याकडे जरा डोळे मिटूनच बघते आहे असं वाटलं.

"ताई, ते सिनेमाचं," मी सुरुवात केली. "म्हणजे, मूळ सिनेमाचा मेसेज बिल्कुल उलटा आहे. की कुणाला त्याच्या दिसण्यावरून, राहण्यावरून..."

"सिनेमाचा मेसेज मला कळला," त्या म्हणाल्या. "माझ्या मुलीला तुमचा कळला."

मी वाकून दाराशी पडलेली एक चप्पल सरळ केली.

"मला एकच सांगा. अख्ख्या सिनेमात इतकी माणसं होती. आमची बोली तुम्हाला चिखलातल्यांनाच का द्यावीशी वाटली? ज्यांना गावात येऊ देत नाहीत, त्यांनाच?"

या वाक्यात बोलीपेक्षा बरंच जास्त होतं. ते मला कळलं, पण नेहमीप्रमाणे जिना उतरताना. त्या क्षणी माझ्या मनात एकच आलं, की यांना खरं सांगावं. मी यवतमाळ जिल्ह्यातला आहे, ही माझीही बोली आहे. आणि असं खरं सांगायचं तर त्याच बोलीत सांगावं, नाही का? म्हणून मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "ताई, माह्यं चुकलं. मी बी तिकडलाच हाय ना! मले काय मालूम नाई काय..."

डॉक्टरांचा चेहरा बघून मी थांबलो. त्यांना वाटलं, मी पुन्हा नक्कल करतोय. त्यांच्याच दारात उभा राहून.

"छान जमतं तुम्हाला," त्या म्हणाल्या, आणि दार हळू लावलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

त्यांचा तरी काय दोष? अठरा वर्षं या कॉलनीत सगळे मला पुण्याचा समजतात. पहिल्याच गणपतीत कुणीतरी विचारलं होतं, "पुण्याचे का?" आणि मी म्हणालो होतो, "हो, पुण्यातच." शिकायला होतो, हे पुढचं सांगायचं राहिलं. ते अठरा वर्षं राहिलं. त्याचं कारणही सांगून टाकतो. पुण्याच्या हॉस्टेलात पहिल्या रात्री मेसच्या रांगेत मी ताट पुढे करून म्हणालो होतो, "मले अजून एक पोयी द्या." पोळी मिळाली. तिच्याबरोबर टोपणनावही मिळालं. वर्षभर मला सगळे 'पोयी' म्हणत. मग मी आरशासमोर उभा राहून जीभ घासली, भांडं घासावं तशी. दुसऱ्या वर्षी एक नवा मुलगा नागपूरकडून आला, तर त्याला हसणाऱ्यांत सगळ्यात मोठा आवाज माझा होता.

हे मी बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे पोळ्या तू करतोस आणि राणीच्या गळ्यात मारतोस. बोली तुझी, ती चिखलोबाच्या. तुझं स्वतःचं असं काय बोलतोस रे माइकवरून?"

मी म्हटलं, "राजा."

ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

आजोबा आले. थंडीचे दिवस होते, सकाळी अकरानंतर पार्कात ऊन यायचं, आणि ते बाकावर एकटेच बसलेले असायचे. कानटोपी, स्वेटर, हातात घडी केलेलं वर्तमानपत्र. नात त्यांच्याबरोबर उतरायची नाही. तीन दिवस मी दुपारी जेवायला घरी आल्यावर खिडकीतून त्यांना पाहिलं. चौथ्या दिवशी रजा टाकली आणि बाकावर जाऊन बसलो.

"नमस्कार. कधी आले?"

माझे हे तीन शब्द बहुतेक पुणेरीच होते. पण 'आलात'चं 'आले' झालं होतं. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"कोण्या गावचे होय तुमी?"

"इथलाच. म्हणजे... दारव्ह्याकडचा."

"मंग सांगा ना तसं! दारव्हा रूट माह्याच गाडीचा होता सात वर्षं." आणि त्यांनी माझ्या गावापर्यंतचे सगळे थांबे क्रमाने म्हणून दाखवले. मधल्या एका थांब्यावरच्या हॉटेलातली भजी कशी होती तेही. मी अठरा वर्षांत दिल्लीत इतका मोकळा बोललो नव्हतो. एका बाजूने ते, एका बाजूने मी. रस्त्यावरून जाणारे दोन भाजीवाले थांबून बघून गेले.

मग ते म्हणाले, "नात बोलत नाई माह्यासंगं. दिल्लीची झाली पोट्टी. चालाचंच थे."

ते हसत म्हणाले, पण वर्तमानपत्राची घडी आणखी एकदा घातली.

मी सांगितलं. सगळं. चिखलोबा, हॉल, पार्कातली मुलं, मी. हे बोलताना पहिल्यांदाच मी भाषण जुळवलं नव्हतं, त्यामुळे ते फार वाईट झालं. दोनदा तेच तेच बोललो.

आजोबांनी सगळं ऐकून घेतलं. "थो चिखलवाला करते काय पिक्चरमधी?"

"शेवटी थोच घड्याय चालू करते."

"मंग पोट्टे हासले कायले?"

"म्या हासवलं."

त्यांनी वर्तमानपत्र काखेत मारलं. मला वाटलं आता उठून जातील. पण ते म्हणाले, "मले दाखवा थो पिक्चर. आणि थे बोलाचं यंत्र बी."

पुढच्या रविवारी तोच सिनेमा पुन्हा लावायचा, असं मी सेक्रेटरीबाईंना सांगितलं. माझा बेत तयार होता: या वेळी डोंगरावरच्यांना वऱ्हाडी आणि चिखलातल्यांना पुणेरी. बायको म्हणाली, "म्हणजे आता माझ्या पुण्याच्या माहेरच्यांना चोर करणार? मला त्या हॉलमध्ये बसायचंय." मग बेत बदलला. आमच्या घरी सिनेमा बघून झाल्यावर आजोबांनी स्वतःच सांगितलं, मी राजकन्या करतो. चिखलोबा नको. "चिखलवाल्याचं तुमीच करा. तुमाले जमते."

रविवारी हॉल भरला. डॉक्टर मागच्या भिंतीला टेकून हाताची घडी घालून उभ्या. छोटी पहिल्या रांगेत नव्हती. शेवटच्या रांगेत, आईच्या पुढे, मान खाली. राणीचं बोलणं बायकोने घेतलं होतं. राजकन्या पडद्यावर आली, सोनेरी वेणी, गुलाबी झगा, हातात पाना, आणि कंडक्टरचा आवाज घुमला, "मागं सरका, मागं सरका! मले घड्याय खोलू द्या!"

मुलं हसली. हसणारच. पण आजोबांना त्याचं काही नव्हतं. चाळीस वर्षं भरलेल्या गाडीत त्यांनी लोकांचं हसू, शिव्या आणि कोंबड्या ऐकल्या होत्या. ते बोलत राहिले. पाचेक मिनिटांनी हसू विरलं आणि मुलं सिनेमा बघायला लागली.

मग राजकन्या दलदलीत उतरली. इथे ती चिखलोबाशी बराच वेळ बोलते. इंग्रजी ओळी भरभर पळायला लागल्या. आजोबांनी चष्मा वर केला, खाली केला. ते थांबले. माइक चालूच होता, त्यातून त्यांचं पुटपुटणं सगळ्यांना ऐकू आलं, "लय घाईनं जाते लिवलेलं. आता काय म्हणून राहिली थे?"

मी मदतीला वाकलो आणि घाईत नेहमीप्रमाणे पहिलं सुचलं ते सांगितलं, "म्हणते, मला भूक लागली."

"नाई ना!" शेवटच्या रांगेतून आवाज आला. "तसं नाई म्हणत थे! काहीही काय सांगता काका!"

छोटी उभी होती. रागाने लाल. खुर्च्यांच्या रांगांमधून ती तरातरा पुढे आली, आजोबांच्या खुर्चीला खेटली आणि पडद्याकडे बोट दाखवून म्हणाली, "आबा, थे म्हणते, तुमाले लोक चोर म्हणतात थे मले खोटं वाटते. थे म्हणते, मले शिकवा."

आजोबांनी ते माइकवरून म्हटलं. जसंच्या तसं. मग तिने पुढची ओळ सांगितली, त्यांनी ती म्हटली. घड्याळ चालू होईपर्यंत ती तिथून हलली नाही. मधे एका मुलाने "चिखलोबाची नात" असं काहीसं केलं, तर तिने मागे वळून माइकमध्येच सांगितलं, "मी राजकन्येची नात हाय. गप बस." पुन्हा पडद्याकडे.

चिखलोबाचं शेवटचं वाक्य मी साध्या आवाजात म्हटलं. कुणी हसलं नाही. खरं सांगायचं तर मला थोडं वाईट वाटलं.

खेळ संपल्यावर डॉक्टर पुढे आल्या. "दारव्हा का हो, भाऊजी? बाबांनी सांगितलं." मी मान हलवली. "अठरा वर्षं?" मी पुन्हा मान हलवली. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, पेशंटने मोठं दुखणं लपवून सर्दीचं औषध मागावं तसं. मग म्हणाल्या, "यापुढे भाषांतर ही करेल. तुम्ही नका."

कमिटीनेही एकमताने तेच ठरवलं. आजोबा महिन्याऐवजी होळीपर्यंत राहिले. आता राणी बायको करते, डॉक्टर आपल्या सवडीप्रमाणे राक्षस करतात, ओळी छोटी सांगते. मला ध्वनिविभागात घेतलंय, माझ्या मुलीच्या हाताखाली, पालथ्या वाट्यांवर. गेल्या रविवारी एक लांब पाठलाग होता. मी जीव तोडून वाट्या आपटत होतो. छोटीने माइकवर हात ठेवला आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली,

"काका, तुमचा घोडा लंगडून राहिला ना!"